आडवा टाकलेला पाला

आण्णाप्पाच्या पुढं कुणी चालायचं नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच रविवारी कळला. आमच्यातल्या एका तरुण डॉक्टरानं उत्साहाच्या भरात लांब ढांगा टाकून त्याला मागं टाकलं, तर आण्णाप्पा सरळ एका दगडावर बसला आणि त्यानं चंची सोडली. पान लावून खाल्लं, मग दुसरं लावायला घेतलं. डॉक्टर परत येऊन त्याच्या पाठीमागं उभा राहीपर्यंत हा गृहस्थ काही उठला नाही. वर आम्हालाच म्हणाला की बेळगावच्या लोकांना फार घाई असते.

मी वकील आहे. आठवडाभर कोर्टात लोकांची भांडणं ऐकून कान किटले, की रविवारी कुठंतरी झाडीत जावंसं वाटतं. आमचा पाच-सहा जणांचा गट वर्षानुवर्षं जांबोटीच्या पुढच्या जंगलात चालायला जातो, आणि आण्णाप्पाच्या गावात गाडी लावून त्याच्या मागोमाग निघतो. साठी उलटलेला, काटकुळा, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस. वाटेत तो झाडांची माहिती वगैरे सांगत नसे. पाठीमागच्यांनी आपल्यामागून यावं, एवढीच त्याची अपेक्षा. ती पुरी झाली की स्वारी खूश असायची.

त्या जंगलात पाला टाकायची रीत आहे. वाटेला जिथं फाटा फुटतो तिथं पुढं गेलेला माणूस नको असलेल्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकतो आणि वर दगड ठेवतो. त्या वाटेवर गवे उतरले असतील, अस्वलीण पिलं घेऊन बसली असेल, नाहीतर झाड पडलं असेल. मागून येणारा चौकशी करत बसत नाही, मुकाट दुसरी वाट धरतो. ज्यानं पाला टाकला त्यानंच तो परतताना उचलायचा. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. आण्णाप्पा फांदीचा देठ नेहमी चढाकडे करून ठेवायचा आणि एकावर एक असे दोन दगड रचायचा. त्याचा पाला गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं.

मग जंगलखात्यानं अभयारण्यातल्या तीन पायवाटा लोकांसाठी खुल्या केल्या. फाट्याफाट्यावर कन्नड आणि इंग्रजी पाट्या लागल्या, बाण रंगवले गेले. वाटाड्या म्हणून नेमणूक झाली साईराजची. साईराज म्हणजे आण्णाप्पाच्या चुलत भावाचा मुलगा. खानापूरला कॉलेज शिकलेला, कन्नड फर्डं, हिंदी बरं, आणि जंगलाच्या बाबतीत म्हणाल तर लहानपणापासून आण्णाप्पाच्याच मागून हिंडून तयार झालेला. खात्यानं त्याला हिरवी टोपी, शिट्टी आणि बूट दिले.

आण्णाप्पाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या कायमच्या. आम्ही गेलो की पहिला अर्धा तास साईराजपुराण. बूट घालून वाट कळत नाही. शिट्टीनं जनावर बिथरतं. टोपी घातली की माणूस वर बघत नाही. एका कन्नड पेपरात साईराजचा पाहुण्यांबरोबर फोटो आला तो आण्णाप्पानं चहाच्या टपरीवर बराच वेळ न्याहाळला आणि फोटोत जंगल नीट आलेलं नाही, असा निकाल दिला. मी हसले. तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्या वाटा त्येला मी दाविलो, वकीलबाई. आता त्यो मला दावणार व्हय?"

मी त्याला शहाणपण शिकवायला गेले नाही. माझ्याच हाताखाली तयार झालेली केतकी आता कोर्टाच्या आवारात निघाली की पक्षकार तिच्यामागं धावतात, आणि मी समोरून येत असले तरी त्यांना दिसत नाही. तेव्हा पोटात कसं दुखतं ते मला बरोबर माहीत आहे. त्याला औषध नाही. लोक कौतुकानं म्हणतात, "तुमचीच ना हो ती?" आणि आपल्याला हसून हो म्हणावं लागतं.

पण आण्णाप्पाला खरा घाव बसला तो घरातून. पाहुण्यांचं दुपारचं जेवण वरच्या पठारावर पोचवायचं काम साईराजनं अंबुबाईला, म्हणजे आण्णाप्पाच्या बायकोला मिळवून दिलं. नाचणीच्या भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा पाटीत घालून ती डोक्यावरून न्यायची. साईराजसाठी एक भाकरी वेगळ्या फडक्यात बांधायची, कारण त्याला जरा करपलेली आवडते. चाळीस वर्षं संसार केलेली आपली बायको दुसऱ्याची आवडनिवड ध्यानात ठेवते, तीही त्याची, हे आण्णाप्पाला सहन होईना. त्या भाकरीवरून त्यांच्या घरात भांडण झालं. अंबुबाईनं मला हसत हसत सांगितलं, "लई जळत्यात बघा. पोराच्या भाकरीवर कोण जळतंय काय?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी जंगलखात्याचे एक मोठे साहेब पाहुण्यांबरोबर चालायला येणार होते. बेळगावहून आणखी पंधरा-वीस माणसं होती, त्यांत मीही होते. आण्णाप्पा कुठं दिसला नाही. रुसला असेल म्हणून मीही विचारलं नाही.

तासाभराच्या चढानंतर एक फाटा आला. पाटीवरचा बाण उजवीकडे, आणि उजव्याच वाटेवर हिरवीगार फांदी आडवी पडलेली. देठ चढाकडे, वर दोन दगड. साईराज थबकला. डाव्या वाटेकडे त्यानं पाहिलं. ती ओहोळाच्या अंगानं लांबून वळसा घेऊन पठारावर जायची, पण पावसाळ्यात तिचा काठ ढासळला होता. साहेबांनी मागून कन्नडात विचारलं की काय झालं. खाली वाकून साईराजनं फांदीपुढच्या मातीला हात टेकवून कपाळाला लावला, ती ओलांडली आणि आम्हाला उजवीकडून नेलं. वाटभर तो दर वळणावर थांबून कानोसा घेत होता. आम्ही सुखरूप पठारावर पोचलो. वाटेत आम्हाला साधा ससाही आडवा गेला नाही.

पठारावर जेवणाची वाट बघत बसलो. अंबुबाई आमच्या मागोमाग निघणार होती, पण सूर्य डोक्यावर आला तरी पाटी दिसेना. साहेब घड्याळ बघू लागले. एवढ्यात झाडीतून आण्णाप्पा वर आला. तोंडावर असं समाधान, की जणू मुलीचं लग्न पार पाडून आलाय. आम्हाला सगळ्यांना सावलीत आरामात बसलेलं बघितलं आणि ते समाधान उतरलं.

"तुमी हितं कसं?" त्यानं मला विचारलं.

कोर्टात उलटतपासणी घेऊन घेऊन माणसाचा चेहरा वाचायची सवय लागते. एका क्षणात मला सगळं समजलं. पाला खोटा होता, पहाटेच येऊन टाकलेला. आम्ही सगळे ढासळलेल्या काठावर जाऊन अडकायचे, साहेबांसमोर साईराजची फजिती व्हायची, आणि मग आण्णाप्पानं पठारावरून खाली उतरून आम्हाला सोडवून न्यायचं, असा त्याचा बेत होता. मला त्याचा संताप आला. आणि खरं सांगायचं तर, असलं काहीतरी केतकीच्या बाबतीत मला सुचलं नाही याचं नवलही वाटलं.

तोवर साईराज त्याच्याजवळ आला होता. "आप्पा, काकू तुमच्यासंगट न्हाई?"

आण्णाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. अंबुबाई त्याच्या आधी घरातून निघाली होती, आणि ती उजव्या वाटेला नव्हती हे तो आताच बघून आला होता. तो वळला आणि पळत सुटला. साईराजनं साहेबांबरोबर आलेल्या गार्डाला पाहुण्यांजवळ बसवलं आणि तो त्याच्यामागं पळाला. मीही गेले. माझ्यासारखीनं अशा वेळी गप्प बसावं हे शहाणपणाचं, पण ते मला कधी जमलेलं नाही.

अंबुबाई ओहोळाच्या काठाखाली, दगडांच्या बेचक्यात बसलेली सापडली. पाटी पालथी पडली होती, पिठलं मातीत सांडलं होतं, आणि तिचा पाय घोट्यापाशी टम्म सुजला होता. आण्णाप्पा बसूनच घसरत तिच्याजवळ उतरला.

"ढासळलंय ते ठावं असून ह्या वाटंला का आलीस?" त्यानं विचारलं.

"पाला टाकलाव न्हवं तुमी तिकडं," ती म्हणाली. "तुमचाच हात हुता. म्हटलं, मोठं काय तरी आसल, त्याबिगर हे टाकायचं न्हाईत."

आण्णाप्पानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि तो चोळत राहिला. वर बघेना. साईराज तोपर्यंत खाली उतरला होता. त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल पाण्यात भिजवून काकूच्या पायाला गुंडाळला आणि मग आण्णाप्पासमोर उकिडवा बसला. शाळेत मास्तरांसमोर बसावं तसा.

"आप्पा, माजं चुकलं," तो म्हणाला. "तुमचा पाला दिसला हुता मला. साहेब मागं हुतं म्हणून वलांडून गेलो. खरं तुमचा म्हणून त्येला हात लावलो न्हाई, तसाच ठिवलो. काढून टाकलो असतो तर काकू सरळ आली असती." मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "काय दिसलं हुतं वं तुम्हास्नी त्या वाटंवर? गवा?"

मी काठावर उभी होते. एक हो म्हटलं की आण्णाप्पा सुटत होता. गव्याचा साक्षीपुरावा कोण मागणार होतं? कोर्टात असता तर मीच त्याला खुणेनं हो म्हणायला सांगितलं असतं.

आण्णाप्पानं अंबुबाईचा पाय हळूच खाली ठेवला.

"गवा न्हवता," तो म्हणाला. "तू दिसलास. म्होरं चाललेला."