तुळशीखालचं झाकण

मामा सोमवारी सकाळी गेले. कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणात उभे होते, खाली बसले, आणि गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. त्यांच्या कानावर बिडी होती. पेटवलेली नव्हती.

त्यावरून गल्लीला कळलं, की मामा कुणाची तरी टाकी बघायला गेले होते. एरवी त्यांची बिडी विझलेली कुणी पाहिली नाही. संडासाच्या टाकीजवळ गेले की मात्र ते ती कानावर खोचत. म्हणत, "आत गॅस असतोय. त्याला आग दाखवायची न्हाय, अन् वाकून तोंड बी घालायचं न्हाय."

नात्यानं ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर उमरग्यात आमच्या गल्लीत राहायला आले. निवृत्त माणसं पेपर वाचतात, नातवंडं सांभाळतात. मामांनी गल्लीतल्या टाक्या धरल्या. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गाडी बंद पडली की सगळेच उतरून इंजिनात बघतेत, सर. त्याच्या आधी कोण बघतंय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. कुणाकडे चहाला आले तरी मामा तब्येत नंतर विचारत. आधी विचारत, "पाणी कसं उतरतंय?" कुणाकडे बारसं किंवा जागरण-गोंधळ असला की दुसरा प्रश्न, "पावणे किती?" आकडा ऐकून ते स्वयंपाकाचा नव्हे, टाकीचा अंदाज बांधत. संडासात ॲसिड ओतताना कुणी दिसलं की दारातूनच ओरडत, "अगं, आतली मंडळी मरतील!" आतली मंडळी म्हणजे टाकीतले जंतू, मैला खाऊन त्याचं पाणी करणारे.

त्यांचं सगळंच बरोबर असे, असं नाही. त्या मंडळींना ते अमावास्येला गूळ आणि ताक घालत. याचा काही उपयोग नाही, हे मी त्यांना एका पुस्तकातून वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझा चष्मा कुठं केला ते विचारलं, आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा ताक घेऊन निघाले.

आमच्याकडे त्यांची पंचाईत अशी होती, की टाकी कुठं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. घर आम्ही बांधलेलं विकत घेतलं होतं. विकणारा हैदराबादला गेला आणि नंतर त्याचा फोन लागेना. "टाकी नसलेलं घर म्या पहिल्यांदाच बघतोय," असं मामा जाता-येता टोमणा मारत.

एका उन्हाळ्यात माझी बायको ओट्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिला घरी आणलं आणि दोन-चार दिवसांत संडास तुंबला. पाणी भांड्यात वर येऊन तसंच थांबलं. तिला कमोडशिवाय बसता येत नव्हतं, आणि शेजारी चालत जाणं तर शक्यच नव्हतं. दुपारी ती चहा नको म्हणाली, मग पाणीही नको म्हणाली. मला त्याचा अर्थ कळला नाही. भेटायला आलेल्या मामींना कळला. त्यांनी जाऊन नवऱ्याला पाठवलं.

मामा एका मजुराला घेऊन आले. बिडी कानावर. सगळं अंगण वाळून गेलं होतं. फक्त पेरूच्या बुडाशी गवत हिरवं होतं. "हितंच हाय," मामा म्हणाले. मजुरानं खणलं. खाली नळाचा पाइप गळत होता.

"बघा, पाणी बी वाया चाललं होतं तुमचं," मामा म्हणाले, जणू तेच शोधायला आले होते.

संध्याकाळी मी अंगणात वाचत बसायचो. मला आठवलं, अंधार पडू लागला की तुळशीवृंदावनाच्या पायथ्याच्या भेगेतून झुरळं निघत. मी तसं सांगितलं.

"हे आधी का न्हाय बोललात?"

"तुम्ही टाकीचं विचारत होता. झुरळांचं नाही."

आम्ही तिघेही वृंदावनाकडे बघत राहिलो. बांधणाऱ्यानं अंगण मोकळं दिसावं म्हणून झाकणावरच ते उभं केलं होतं, वर फरशीही लावली होती. मामांनी कानावरची बिडी चाचपली. "वैनी रोज हितं दिवा लावतेत?"

"पडेपर्यंत रोज लावायची."

हे तिला कसं सांगायचं, ते मला सुचेना. मामा खिडकीशी गेले.

"वैनी, तुळशीचं बिऱ्हाड हलवावं लागतंय."

"कुठून कुठं?"

"टाकीवरनं तुमच्या खिडकीशी."

आतून ती म्हणाली, "तरीच! एवढी दाट तुळस गल्लीत कुणाची नव्हती." आणि हसली. हसताना हाड दुखलं, म्हणून कण्हली, आणि पुन्हा हसली.

तुळस काढली, वृंदावन फोडलं, झाकण सरकवलं. टाकी काठोकाठ भरली होती. मैला ओढणारी गाडी अणदूरकडे गेली होती. ती सकाळी येणार होती. मजूर बाह्या वर करत म्हणाला, "मामा, म्या उतरतो. बादलीनं उपसून दोन हात कमी करतो. लई टाक्यांत उतरलोय."

"उतरलास, अन् वर आलास. दर येळंला वर येशील कशावरनं?"

"पण वैनींची अडचण..."

मामांनी झाकण परत ओढलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसले. मी मधे उभा होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मजुरानं उतरावं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात खिडकीतून बायकोचा आवाज आला, "मामा, कुणाला उतरू देऊ नका. मी थांबते."

मामा उठले. मजुराला म्हणाले, "चल, तुला चहा पाजतो." थोड्या वेळानं ते डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. रोज संध्याकाळी ते दारात बसत, तीच खुर्ची. तिच्या बैठकीला त्यांनी करवतीनं भोक पाडलं होतं, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मामींनी ती बादलीसकट आत नेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बायको दोन कप चहा प्याली.

सकाळी गाडी आली. गाडीवाला सगळं खरवडून ओढू लागला, तेव्हा मामांनी हात वर केला. "तळाला थोडं ऱ्हाऊ दे. इरजण लागतंय."

मामा गेल्यावर त्यांच्या घरी गावाकडचे लोक उतरले. घर भरलं. दोन दिवसांनी मामींनी मला बाजूला बोलावलं. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, पाणी उतरंना झालंय." गल्लीभर फिरणाऱ्या माणसाची स्वतःची टाकी भरली होती. मी गाडी बोलावली. पाइप आत सोडताना गाडीवाल्यानं विचारलं, "सगळं ओढू का?"

"थोडं राहू दे," मी म्हणालो.

मामा आता दारात बसलेले दिसत नाहीत. भोक पाडलेली खुर्ची आमच्या मोरीत आहे. तुळस खिडकीशी आहे. पूर्वीइतकी दाट नाही. झाकणावर आम्ही काही ठेवत नाही.