मेणबत्तीचे तुकडे आणि दोन स्टड

ॲन्सेल्मची उजव्या हाताची दोन बोटं वालीवच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली. तेव्हापासून तो विकीच्या गॅरेजात होता. इंजिनाचं काम त्याला येत होतं, पण विकी पंक्चरपलीकडे काही देत नसे. पाण्याचं घमेलं पुढ्यात घेऊन हा पन्नाशीचा माणूस दिवसभर ट्यूबमधले बुडबुडे शोधायचा. मला ते बघून चीड यायची. तरी माझी बाइक मीही विकीच्याच हवाली करायचो.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात तिचा सायलेन्सर खडखडू लागला. तो इंजिनाला धरून ठेवणारे दोन आटेवाले दांडे, म्हणजे स्टड, गंजून अर्धे झाले होते. विकीने जोर लावून पाहिला आणि हात टेकले.

"जाम आहेत. तुटले तर आतच राहतील. इंजिनाचं हेडच नवीन टाका."

"मी काढतो," घमेल्यामागून ॲन्सेल्म म्हणाला.

विकी हसला. "अंकल, एक जरी तुटला तर परत इंजिनाला हात लावायचा नाही. कायम पंक्चर. चालेल?"

"चालेल." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "धुतोस कशानं?"

मी ऐटीत सांगितलं, दर रविवारी फेरी मारून आलो की लगेच, चंदनसारला आमच्या बिल्डिंगच्या बोअरिंगच्या पाण्याने.

"गरम इंजिनावर खारं पानी. लाड करून मारलंस तिला."



दुसऱ्या दिवशी त्याने पेपरात गुंडाळून मेणबत्त्यांचे तुकडे आणले. मे महिन्यात गावच्या क्रुसाशी रोज रोझरीची प्रार्थना होते, तिथले उरलेले तुकडे त्याची बायको फ्लॉसी जमवून ठेवते. विकीने खोडी काढलीच, "आता प्रार्थना करणार काय?"

ॲन्सेल्मने ब्लोलॅम्प पेटवला. त्याच्या ज्योतीने स्टडभोवतालचा धातू तापवला आणि मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरलं. थंड केलं, पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. असं किती वेळा, मी मोजायचं सोडलं. मग पकड लावून आधी उलट, घट्ट करायच्या बाजूला, केसभर फिरवलं. मग सैल.

"तुटायच्या आधी तो हाताला मऊ लागतो. तिथं थांबायचं."

पहिला जेवणाआधी निघाला. दुसरा मात्र मऊ लागला. त्याने पकड सोडली, तळवा पँटला पुसला आणि सरळ जाऊन वाट बघत असलेलं एक पंक्चर काढलं.  परत येऊन त्याने पुन्हा लॅम्प पेटवला.

चार वाजता स्टड करकरला, हलला आणि अख्खा बाहेर आला. ॲन्सेल्मने तो माझ्या हातावर ठेवला, गरम गरम. मला त्याचा अभिमान वाटला आणि इतके दिवस गप्प राहिल्याची लाजही.

विकीने नवा स्टड त्या भोकात नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला. तो शेवटपर्यंत अलगद गेला. तेवढ्यात एक स्कूटर ढकलत कोणीतरी आलं. मागचं चाक बसलं होतं. ॲन्सेल्म सवयीने उठला.

"बसा अंकल, सायलेन्सर चढवा," विकी म्हणाला आणि घमेलं स्वतःकडे ओढून घेतलं.