तीन कंपन्या आणि मी

माझ्या ताईच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मेहुण्याने शिकंज्यात घालून मोडली. शिकंजा म्हणजे बाइंडिंगवाल्यांचं पुस्तकं दाबून धरायचं लोखंडी यंत्र. वरचा दांडा फिरवला की जाड पाट खाली येतो. त्याने दांडा सावकाश फिरवला, असं ताई सांगते. कारण काय, तर एका गिऱ्हाइकाने फोनवर तिच्या बाइंडिंगच्या कामाची तारीफ केली आणि ती हसली.

हा माणूस ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होता. बोलायला इतका गोड की गल्लीत सगळे त्याला देवमाणूस म्हणायचे. त्या देवमाणसाने माझ्या बहिणीच्या पाठीवर पुठ्ठे चिकटवायचा उकळता सरस ओतला, केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, आणि दर वेळी नंतर स्वतःच मलम आणून लावलं. आई म्हणायची, "घे गं सांभाळून." मला आईचाही राग येतो, आणि तो मी लपवत नाही. बोटांचं कळल्यावर मी काट्यावर गेलो आणि भर दुपारी ट्रकवाल्यांसमोर त्याला बदडला. त्याचे दोन दात पडले, माझा एक. फायदा शून्य. घरी जाऊन त्याने दोन दातांचा सूड ताईच्या बरगड्यांवर उगवला.

मग एक दिवस तो कामावर गेला असताना ताई निघाली. कपडे नाहीत, दागिने नाहीत. दाभण, हातोडी, दोऱ्याची रिळं आणि तो शिकंजा. ते धूड टेम्पोत चढवताना मी वैतागलो.

"अगं, दुसरा घेऊ की! ज्यात बोटं मोडली तोच कशाला?"

"बोटं त्याने मोडली. शिकंज्याने काय केलंय? पकड तिकडून."

दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मजल्यावर तिने एक खोली घेतली. खिडकी एकच, तीही मागच्या भिंतीकडे उघडणारी. म्हणून तर घेतली. पत्ता फक्त मला ठाऊक होता, आईलाही नाही. कारण मेहुणा नातेवाइकांकडे हिंडून हसत हसत सांगत होता, "सापडू दे, आता उजवा हात."

दारावर पाटी लावायची सोय नव्हती, म्हणून साइट काढायचं ठरलं. जुनी पुस्तकं पोस्टातल्या पेटीवर यावीत, बांधून टपालाने परत जावीत. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, तेव्हा हा विषय माझा, असं मी समजत होतो. ताईने समजू दिलं नाही.

इंटरनेटच्या दोन कंपन्या तिच्या इमारतीत येत होत्या. एक सुसाट, पण ती जिन्याखालच्या केबलच्या डब्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची. दुसरी रडतखडत चालायची, पण डब्यावर नुसता आकडा. ताईने रडतखडत चालणारी घेतली.

"एक फोटो चढायला अर्धा तास लागेल," मी कुरकुरलो.

"लागू दे. मला कुठे पळायचंय? पळून झालंय."

साइट ठेवायला जागा देणाऱ्या तीन होस्टिंग कंपन्या मी निवडून काढल्या. कोण किती जागा देतं, कुणाची साइट किती वेळा बंद पडते, बॅकअप रोज की आठवड्याने, सगळं तिला पढवलं. तिने ऐकून घेतलं आणि तिन्ही ठिकाणी फोन लावून एकच प्रश्न विचारला: "मी तिचा नवरा बोलतोय, असं सांगून कुणी माझी माहिती मागितली तर द्याल?"

पहिल्या कंपनीतली मुलगी म्हणाली, "मिस्टर असतील तर काहीच हरकत नाही, मॅडम." दुसऱ्या कंपनीतला म्हणाला, तुमची जन्मतारीख बरोबर सांगितली तर देऊ. बायकोची जन्मतारीख नवरे विसरतात म्हणे, पण मेहुणा विसरणाऱ्यांतला नव्हता. तिसरीकडच्या बाईने आधी ताईचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "नवरा असो नाही तर कुणी असो, पासवर्ड नाही तर काही नाही. आणि असा फोन आलाच तर आधी तुम्हाला कळवीन." ताईने तिसरी कंपनी घेतली. फोन ठेवल्यावर ती किती तरी दिवसांनी मोकळं हसली.

नावनोंदणीचा फॉर्म मी भरला. साइटचं नाव आपल्या मालकीचं करायला राहता पत्ता द्यावा लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही, आणि खोटा निघाला तर नाव जातं. मी खोलीचा पत्ता घातला, मजल्यासकट. खाली पाच-सहा चौकोन होते, त्यांत कंपनीने आधीच खुणा करून ठेवलेल्या. आमच्या धंद्यात त्या सगळ्या खुणा न वाचता काढायची पद्धत आहे. कंपन्या नको ते गळ्यात मारतात आणि आपण फसत नाही, याची मला भारी घमेंड. पटापट सगळ्या काढल्या. ताई शेजारीच पुठ्ठा कापत बसली होती.

साइट छान चालली. तिच्यावर ताईचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. नुसते पुस्तकांचे फोटो. पण ताई प्रत्येक पुस्तकाच्या कण्याला वर लाल-काळ्या दोऱ्याचा तिरपा टाका घालते. तो टाका मेहुण्याने अकरा वर्षं पाहिला होता.

चौथ्या महिन्यात, दुपारी दारावर थाप पडली. "पार्सल!" ताईने कडी काढली आणि दार तिच्या तोंडावर आलं. नाक फुटलं. मेहुण्याने तिला केसांना धरून टेबलापर्यंत फरफटत नेलं, उजवा हात शिकंज्यात कोंबला आणि दांडा फिरवला.

"सांगितलं होतं ना, उजवा," तो म्हणाला. आवाज तसाच गोड.

पंजाची हाडं मोडताना तिला ऐकू आली. त्याचा एक हात दांड्यावर होता, दुसरा तिच्या मानेवर. तिचा डावा मोकळा होता. तो हात त्याच्या लेखी निकामी, त्यानेच तर केला होता. पण त्या वाकड्या बोटांत दाभणाची मूठ अशी घट्ट बसते की सुटत नाही. तिने दाभण त्याच्या मांडीत घातलं, उपसलं, कुशीत घातलं, पुन्हा उपसलं, पुन्हा घातलं. तो किंचाळत खाली बसला. रक्त सरसाच्या भांड्यात उडालं. तिने डाव्या हाताने दांडा उलटा फिरवला, चेंदा झालेला हात बाहेर काढला आणि मग जिन्यात येऊन ओरडली.

तो मेला नाही. याचं मला वाईट वाटतं.

दवाखान्यात हवालदाराने त्याच्या खिशातला कागद दाखवला. रक्ताने घड्या चिकटल्या होत्या. साइटचं नाव, ताईचं नाव, खोलीचा पत्ता, मजल्यासकट.

"चोरलेलं वगैरे नाही हे," हवालदार म्हणाला. "साइट कुणाची हे कुणालाही बघता येतं. पत्ता झाकून ठेवायची सोय असते, ती तुम्ही काढून टाकलीत. फॉर्म कुणी भरला होता?"

ताई खाटेवर टक्क जागी होती. तिच्यासमोर खोटं बोलणं मला जमलं नाही.

"मी."

हवालदार गेला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिन्ही कंपन्यांना विचारलं मी," ती म्हणाली. "तुला नाही विचारलं. भाऊ आहेस म्हणून."

मी तोंड झाकून रडायला लागलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "झालं असेल तर तो लॅपटॉप उघड. साइट बंद करायची नाहीये. फॉर्म काढ आणि एकेक ओळ मोठ्याने वाच."

मी वाचत गेलो. नाव वाचलं, पत्ता वाचला. त्या चौकोनापाशी आलो तसा मी खूण करायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला आणि वाकड्या बोटाने ती खूण स्वतः केली.

"पुढचं वाच," ती म्हणाली.