वजनकाट्यावरची विधानसभा

विधानसभेला आमच्या मतदारसंघातून कोण निवडून येणार, हे मला मतदानाच्या आधीच पक्कं माहीत होतं. फक्त मतदारांना ते कुणी कळवलं नाही.

मी रंजना. सोलापुरात भवानी पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी ती काढली, त्यांच्या माघारी दोन भावांनी वाटून घेतली आणि चालवते मी. (वाटणीत मला चालवणं आलं!) आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात. धाकटे दीर, म्हणजे दत्ता भाऊजी, टेंभुर्णीला हायवेवर टायर पंक्चरचं दुकान टाकून बसलेले. इकडे पट्टा तुटला की मी चढवते, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी मी लावून घेते, संध्याकाळी भुवयांसकट पांढरी होऊन घरी मी येते. आणि पाटीवर काय? ‘बाबूराव पीठ गिरणी. मालक : दत्ता आणि बंधू.’ पाटी भाऊजींनी रंगवून आणली होती, म्हणून थोरला भाऊ असूनसुद्धा आमचे हे ‘बंधू’ झाले! माझा तर पत्ताच नाही. त्या पाटीवर ‘मालक : रंजना’ असं लिहिलेलं बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. तिजोरी नको, पाटल्या नकोत, पाटी पाहिजे. पण मी विषय काढला की भाऊजींचं उत्तर ठरलेलं.

“वैनी, बाईच्या नावाची गिरणी कुटं असती व्हय? लोक म्हणतील, पीठ जाडं येतंय.”

त्या वर्षी पाडव्याला भाऊजी फराळाला आले. बाहेर प्रचाराचे भोंगे बोंबलत होते. आमच्याकडे उमेदवार खंडीभर होते, पण खरी झुंज दोघांतच. (नावं सांगत नाही. दोघांच्याही घरचं दळण माझ्याकडे येतं.) एक आधीचे आमदार, त्यांना म्हणू ‘जुने’. दुसरे पहिल्यांदाच उभे, ते ‘नवे’. भाऊजींनी चकली मोडली आणि निकाल जाहीर केला.

“नवेच येणार. लिहून ठेवा.”

“कशावरून?”

“पंक्चरवरून. पुण्याकडनं प्रचाराच्या गाड्या येत्यात, त्या सगळ्या माझ्या दुकानावरनं जात्यात. नव्यांच्या गाड्या लई पंक्चर व्हायल्यात. गाडी पळती तवाच पंक्चर होती की! जुन्यांच्या गाड्यांची चाकं कशी, नवऱ्या मुलीवानी हायत.”

मला हसू आवरेना. राज्याचं सरकार हा माणूस टायरच्या भोकातून बघत होता!

“भाऊजी, कौल घ्यायचा तर माणसांचा घ्यावा, टायरचा नाही. अख्खी पेठ माझ्या दारात दळण घेऊन येते. मी सांगते कोण येणार ते. पण माझा अंदाज खरा ठरला, तर पाटीवर माझं नाव लागलं पाहिजे.”

“आणि माझा खरा ठरला तर?”

“तर पाटीचा विषय मी परत काढणार नाही.”

“एवढ्यावर न्हाय भागायचं. गिरणीच्या भिंतीवर माझ्या दुकानाची जाहिरात रंगवायची. पुढच्या विधानसभेपतोर!”

भवानी पेठेतल्या गिरणीवर टेंभुर्णीच्या पंक्चरची जाहिरात! पण मी माघार घेते होय? “मंजूर!” म्हणाले. आमच्या ह्यांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं, तेही करंजी घालायला. सासूबाई कोपऱ्यातून तेवढ्या बोलल्या, “हात दाखवून अवलक्षण करून घे.” मी ते आशीर्वादासारखं घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. नुसतं विचारलं तर माणूस खरं सांगत नाही, हे मला कळत होतं. जुन्यांच्या कार्यकर्त्यासमोर सगळे जुन्यांचे, नव्यांच्या कार्यकर्त्यासमोर सगळे नव्यांचे. म्हणून मी गिरणीच्या कोपऱ्यात जुनी चादर आडवी बांधली आणि तिच्यामागे तेलाचे दोन रिकामे डबे ठेवले. डावा जुन्यांचा, उजवा नव्यांचा. दळणाला आलेल्या माणसाने आपल्या डब्यातला मूठभर जोंधळा घ्यायचा, चादरीमागे जायचं आणि ज्याला मत देणार त्याच्या डब्यात टाकायचा. गुप्त मतदान! बोटाला शाई तेवढी नव्हती, पण पीठ होतं.

(त्या जोंधळ्याचं पुढे काय होणार होतं, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लोकशाहीत गिरणीवालीलाही भाकरी लागते.)

पहिल्या दिवशी लोक लाजले, दुसऱ्या दिवशी रांग लागली. ज्यांना दळायचं नव्हतं तेही जोंधळा घेऊन यायला लागले. कोपऱ्यावरच्या पाटलीणबाईंची करकंबला शेती, घरात शाळू जोंधळ्याची पोती. त्यांनी मूठ म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ धरली. जुन्यांचा एक पैलवान कार्यकर्ता आला. त्याचा पंजा म्हणजे सूप! त्याने एका मुठीत डब्याचा तळ झाकला. मी म्हटलं, “पैलवान, एका माणसाला एकच मूठ हं!” तो म्हणाला, “एकच हाय की, मावशी!” खोटं तरी कसं म्हणणार? मागच्या गल्लीतली लक्ष्मक्का आली. तिच्या घरचे सगळे यंत्रमागावर कामाला. ती चादरीमागे गेली आणि माशी उडावी तशी लगेच बाहेर आली.

“टाकलंस का नीट?” मी विचारलं.

“टाकलं की, रंजनाक्का,” ती म्हणाली आणि आपला डबा घट्ट झाकून उभी राहिली.

प्रचार संपला तसे मी डबे बाहेर काढले. आता, गिरणीवाल्या बाईसमोर धान्याचे दोन डबे ठेवले तर ती काय करेल? काट्यावर ठेवेल! मीही ठेवले. डाव्या डब्याने काटा असा खाली बसवला की मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. उजवा डबा त्याच्यासमोर अगदीच केविलवाणा. मी खडू घेतला आणि गिरणीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं : ‘जुनेच येणार. प्रचंड बहुमत. : रंजना.’ (पाटीवर नव्हतं तर नव्हतं, दारावर तरी नाव लागलं!)

ती बातमी पेठभर झाली. एका पोराने दाराचा फोटो मोबाईलवरून फिरवला. टीव्हीवरचे तज्ज्ञ ‘काँटे की टक्कर’ म्हणत होते आणि मी ‘यांना काट्यातलं काय कळतंय!’ म्हणत होते. जुन्यांचा पैलवान तर मतमोजणीच्या आधीच विजयाच्या लाडवांसाठी पोतंभर हरभऱ्याची डाळ घेऊन आला.

“मावशी, बेसन काढा. जाडसर. तुमच्या शब्दावर काढतोय बघा!”

मी काढलं. रवाळ, लाडू तोंडात विरघळेल असं काढलं. गिरणीच्या आवाजात मला माझ्याच नावाची पाटी ऐकू येत होती.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी मी काठपदराची साडी नेसून गिरणी उघडली आणि रंगाऱ्याला चहाला बोलावून ठेवलं. पहिल्या फेरीत नवे पुढे. मी म्हटलं, “असू दे, आमच्या पेठेची पेटी अजून उघडायची आहे.” मग आमच्या पेठेची पेटी उघडली आणि नवे आणखी पुढे गेले! दुपारपर्यंत जुन्यांच्या मंडपातला बँडवाला पैसे न मागता निघून गेला, म्हणजे बघा! पैलवान बेसनाचं पोतं न्यायलाही आला नाही. आले ते भाऊजी, टेंभुर्णीहून, पेढे घेऊन.

“वैनी, तोंड गोड करा! आणि रंगारी कुटं हाय?”

रंगारी माझाच चहा पीत बसला होता.

“एक मिनिट!” मी ओरडले. “लोकांनी मला फसवलंय! चादरीमागे एक टाकलं आणि तिकडे बटण दुसरंच दाबलं!”

रांगेतली लक्ष्मक्का पुढे झाली. “कुणी फसवलं न्हाय, अक्का. तुम्ही मोजलं कसं?”

“मोजलं कशाला? वजन केलं!”

“अय्यो!” लक्ष्मक्काने कपाळाला हात लावला. “आमच्या गल्लीत सगळ्यांनी चिमूटचिमूट टाकलं की उजवीकडं. आम्ही जोंधळा किलोनं आणतो, त्यात घरात सहा तोंडं. मूठ कुठून काढू? पण मत तर चिमटीचं पण एकच असतंय न्हवं?”

मग भाऊजींनी जे हसायला सुरुवात केली, ते पट्ट्याला धरूनच खाली बसले.

“वैनी, तुमी सर्वे केला का जोगवा मागितला वो?”

सासूबाईंनीही संधी सोडली नाही. “आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय म्हणत्यात. हिनं दळलं बी स्वतःच आणि खाल्लं बी स्वतःच!”

मला राग आला. खरंच आला. मान खाली घालायची सवय मला नाही. मी सांगितलं, “माझी पद्धत बरोबरच होती. हात लहानमोठे होते, त्याला मी काय करू? आणि भाऊजी, तुमचा अंदाज बरोबर आला तो रस्ता खराब आहे म्हणून!” पण शर्त म्हणजे शर्त. संध्याकाळपर्यंत भिंतीवर भलामोठा काळा टायर आला आणि खाली अक्षरं : ‘पंक्चर काढून मिळेल. हवा मोफत.’ ‘टेंभुर्णी’ हा शब्द जागा संपल्यामुळे कोपऱ्यात किडामुंगीएवढा.

मग जो ताप सुरू झाला तो विचारू नका. लोक गाड्या ढकलत गिरणीवर यायला लागले. “काकू, मागचं चाक बसलंय.” “मावशी, जरा हवा भरा.” एकाने तर जोंधळ्याच्या रांगेत स्कूटर लावली आणि त्याचा नंबर कुणी मोडला म्हणून भांडला. रोजच्या बायकांना दळायला उशीर, बाहेर ट्यूबांचा ढीग. बेसनाचं पोतं तसंच पडून, म्हणून मी ते येईल त्याला वाटलं. पेठेत घरोघरी इतकं पिठलं झालं की जुन्यांचा पराभव सगळ्यांनी मिळून पचवला.

शेवटी बायकाच भडकल्या. भाऊजी जाहिरात बघायला आले, तेव्हा लक्ष्मक्काने त्यांना दारातच गाठलं.

“दत्ताण्णा, ही गिरणी कोण चालवतंय? तुम्ही का अक्का?”

“चालवती वैनी. पण शर्त...”

“शर्तीचं ऱ्हाऊ द्या. मत घ्या. पाटीवर कुणाचं नाव पायजे ते दळणवाल्यांना विचारा. एकाला एक दाणा!”

भाऊजी तेव्हा हवेत होते. पेपरवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं टेंभुर्णीत सांगत फिरत होते. ते म्हणाले, “घ्या की! माझा अंदाज हाय, वैनींना निम्मी बी मतं पडायची न्हाईत.”

मी म्हटलं, “माझा अंदाज आहे, सगळी मला पडणार. एकूण एक! चुकला तर टायर राहू दे भिंतीवर.”

“एकूण एक?” भाऊजींनी हात पुढे केला. मी टाळी दिली. (सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं नाही. ऐकायला पाहिजे होतं.)

पुन्हा चादर, पुन्हा दोन डबे. या वेळी पाटलीणबाईही एक दाणा, पैलवानही एकच दाणा. (त्याच्या पंजात तो सापडेना, रांग खोळंबली.) भाऊजींनीही टाकला, आमच्या ह्यांनीही टाकला. आठवड्याने डबे परातीत उलटे केले. माझ्या डब्यातून दाणे सळसळत आले, परातभर पसरले. मोजायची गरजच नव्हती. भाऊजींचा चेहरा त्यांच्याच दुकानात आलेल्या चाकासारखा झाला. मग त्यांचा डबा उलटा केला.

टण्ण.

एक दाणा! एकच! परातीच्या मध्यभागी जाऊन बसला.

“वैनी,” भाऊजी हळूच म्हणाले, “एकूण एक म्हणला हुता.”

“तो तुमचाच आहे!”

“आईशप्पत न्हाय! मी तुमालाच दिलं. कुनाला सांगू नका.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. मी लक्ष्मक्काकडे बघितलं, ती माझ्यावरच डाफरली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“माझा हाय त्यो दाना.”

सासूबाई!

“आत्याबाई, तुम्ही? मामंजींचं नाव पुसलं जाईल म्हणून?”

“त्येंचं नाव तसंच ऱ्हानार की, बाबूराव गिरणी. मालक तूच हो. मला काय न्हाय.”

“मग?”

“सगळ्यांनी एकाच डब्यात टाकलं तर तू डोक्यावर मिऱ्या वाटशील. घरात एक तरी विरोधी पक्ष पायजे.”

अख्खी गिरणी हसली. मीसुद्धा हसले, काय करता! मला त्या म्हातारीचा राग आला होता आणि तिला मिठी मारावीशीही वाटत होती. मारली. तिचं लुगडं पांढरं झालं.

आता पाटीवर लिहिलंय : ‘बाबूराव पीठ गिरणी. मालक : रंजना.’ खाली भिंतीवर टायर तसाच आहे, कारण माझा अंदाज दुसऱ्यांदा चुकला. येता जाता लोक दोन्ही वाचतात, आणि मालकीणबाईंकडे हवा मागतात.

महापालिकेच्या निवडणुकीला पुन्हा पेठ माझ्या दाराशी आली. “रंजनाक्का, कोण येणार?” मी खडू घेतला आणि दारावर ठळक अक्षरांत निकाल लिहून टाकला. तो तंतोतंत खरा ठरला! लोक म्हणाले, बाईने आता पद्धत सुधारली. सुधारली म्हणजे काय, चांगलीच सुधारली. हल्ली अंदाज लिहिण्याआधी मी टेंभुर्णीला फोन करते, भाऊजींची ख्यालीखुशाली विचारते आणि बोलता बोलता सहज म्हणते, “बाकी, पंक्चर कुणाच्या गाड्या जास्त होतायत?”