तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा अर्ज

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंइतका सरकारवर विश्वास ठेवणारा माणूस मी उभ्या परळमध्ये पाहिला नाही, आणि सरकारशी इतकं भांडणाराही पाहिला नाही. त्यांच्या मते या दोन्ही गोष्टी एकच. "ज्याच्याकडून उत्तराची आशाच नाही, त्याच्याशी भांडतं कोण?" असं त्या म्हणत. आमची संस्था म्हणजे वैद्यकीय संशोधनाची एक जुनी सरकारी संस्था. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे. बाई तिथे वरिष्ठ शास्त्रज्ञ आणि मी तळमजल्यावर आस्थापना विभागात. म्हणजे त्यांनी माणसांची रक्तं तपासायची आणि मी माणसांच्या रजा.

बाई कोणालाही नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो विभाग, तेच त्याचं नाव. "काय हो लेखा, मुलीचं जमलं का कुठे?" "भांडार, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." मी अर्थातच 'आस्थापना'. ही हाक त्या संस्थेच्या फाटकाबाहेरही सोडत नसत. एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात गर्दीच्या पलीकडून "अहो आस्थापनाऽऽ" अशी हाक आली आणि मी ओ दिली. झेंडूवाल्याने माझ्या बायकोला आदराने विचारलं, "वहिनी, साहेब साऊथचे काय?" तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांशी बाई शुद्ध, जवळजवळ पुणेरी मराठीत बोलत. फक्त शीतकपाटाशी बोलायच्या मालवणीत. लालबागच्या चाळीत मालवणी आईवडिलांच्या पोटी जन्म, वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. तिसऱ्या मजल्यावर रक्ताचे जुने नमुने साठवलेलं ते अजस्र कपाट वीज गेली की कोकलायला लागे. मग बाई हातातलं सगळं टाकून धावत. "गप रव मेल्या, इलंय मी. काय झाला तुका?" आणि खरंच, जनरेटर सुरू व्हायच्या आधीच ते गप्प बसे, असं वरचे लोक शपथेवर सांगतात.

या रक्ताबद्दल बाईंचा एक नियम होता. ज्याचं रक्त घेतलं, त्याच्याकडे परत जायचं आणि काय सापडलं ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं. इतर शास्त्रज्ञांचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून येत आणि तिथेच राहत. बाईंचा निबंध छापून आला की बाई त्याचं मराठी करून लालबागच्या चाळीत, नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळीत जात. तिथल्या लांबलचक व्हरांड्यात खुर्च्या मांडून तो वाचून दाखवत. जुन्या गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांच्या पाहणीच्या वेळी हौस म्हणून मीही गेलो होतो. वाचन संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ उठले. "बाई, ते सगळ्यांचं झालं. माझ्या छातीचं काय?" बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या छातीत गिरणी अजून चालू आहे." म्हाताऱ्याने सगळ्या व्हरांड्याकडे अभिमानाने बघितलं. "ऐकलात रे? तेवढी एकच विकायची राहिली." हशा ओसरल्यावर बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि कुठल्या इस्पितळात कोणाला भेटायचं ते अर्धा तास समजावत राहिल्या. परत येताना मला म्हणाल्या, "आपण विचारलं, त्यांनी हात पुढे केला. मग उत्तर द्यायला नको? एवढंच माझं विज्ञान."

हेच विज्ञान त्या सरकारलाही लावत. देशात कुठल्याही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत संचालकाची जागा निघाली की बाईंचा अर्ज ठरलेला. मग ती संस्था ईशान्येला असो की वाळवंटात. लोक लग्नाच्या जाहिराती वाचतात तशा बाई पदांच्या जाहिराती वाचत. पुढे जाहिराती संकेतस्थळावर येऊ लागल्या, तर माझ्याकडून छापून घेत. "पडद्यावरची जाहिरात म्हणजे काचेआडची साडी हो. हातात घेतल्याशिवाय धागा कळत नाही." मग लाल पेन निघे. एका जाहिरातीत पदव्युत्तर शिक्षणानंतर पंचवीस वर्षांचा अनुभव मागितला होता आणि वयाची अट पंचेचाळीसची होती. बाई म्हणाल्या, "विसाव्या वर्षी एम. डी.! म्हणजे या उमेदवाराची दहावी आणि एम. डी. एकाच मांडवात झालेली दिसते." त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र, मग त्याचं स्मरणपत्र. शेवटी दिल्लीने शुद्धिपत्रक काढलं. त्या दिवशी बाईंनी लालबागहून पेढे आणून चारही मजल्यांवर वाटले. नवीन आलेल्या एका मुलीला वाटलं, मॅडमचीच नेमणूक झाली. ती पाया पडायला वाकली, तर बाई म्हणाल्या, "अगं, नेमणूक नाही. त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांनी चूक कबूल केली."

मुलाखतींना त्या स्वतःचा डबा घेऊन जात. एका निवड समितीने विचारलं, दहा वर्षांनी तुम्हाला तुमची संस्था कुठे दिसते? बाई म्हणाल्या, "परळलाच. आजूबाजूला एवढे टॉवर झालेत, म्हणून विचारताय का? जागेवर कोणाचा डोळा असेल तर आत्ताच सांगा, मी त्यावर टिपण आणलंय." अर्जासोबत संस्थेच्या भवितव्याचं दोन पानी स्वप्न जोडावं लागतं. इतरांच्या स्वप्नांत जागतिक दर्जा वगैरे असे. बाईंच्या स्वप्नात क्रमांक एकला पाहणीसाठी फिरणाऱ्या मुलींकरता स्वच्छतागृह, दोनला जनरेटरचं डिझेल आणि तीनला, ज्यांचं रक्त घेतलं त्यांना उत्तर. त्यांची कधीच निवड झाली नाही. त्यांनी दर वेळी नकार लेखी मागवला आणि हिरव्या फायलीत लावला.

त्या फायलीतला सगळ्यात खालचा कागद मात्र नकार नव्हता. तो माझा गुन्हा होता. इतका वेळ मी बाईंच्या गमती सांगतोय, त्या हेच पुढे ढकलण्यासाठी.

सरकारी नोकराचा अर्ज दिल्लीला योग्य मार्गाने जावा लागतो, म्हणजे आधी आस्थापना विभागातून. बारा वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेच्या संचालकाची जागा निघाली आणि बाईंचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पन्नाशीला टेकलेल्या बाई तेव्हा सगळ्यांत पुढे होत्या, हे लिफ्टवालाही सांगत असे. आमचे तेव्हाचे प्रभारी संचालकही उमेदवार होते. त्यांनी मला बोलावलं. वाईट असं काही बोलले नाहीत. माझ्या क्वार्टरच्या मागणीची फाइल त्यांच्यासमोर उघडी होती. आम्ही सहा माणसं काळाचौकीला एका खोलीत राहत होतो. ते फाइलकडे बघत म्हणाले, "बाईंच्या अर्जाची काही घाई नाही." बस, एवढंच. अर्ज नऊ दिवस माझ्या खणात राहिला. शेवटच्या तारखेला मी तो साध्या टपालाने टाकला. दिल्लीने तो मुदतीनंतर आला म्हणून पाकिटासकट परत पाठवला. महिन्याभरात मला क्वार्टर मिळालं.

तेव्हापासून बाई दर वर्षी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारत. माझा अर्ज उशिरा का गेला? त्याच्या उत्तराचा मसुदा करणं हे काम कोणाचं? माझं. मी दर वर्षी लिहीत असे, 'जावक नोंदवही जीर्ण झाल्याने माहिती उपलब्ध नाही.' पहिल्या वर्षी बाई खाली आल्या आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "आस्थापना, वही फार जीर्ण झालीय का हो? वर पाठवा. आमच्याकडे चिमटे आहेत, सूक्ष्मदर्शक आहे. आम्ही पानं सोडवून देऊ." मी खणाला कुलूप लावलं. क्वार्टरच्या गॅलरीतून संस्थेच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. माझी बायको तिथे आवडीने तुळस लावते, मी मात्र कधी उभा राहिलो नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या संचालकाची जागा पुन्हा निघाली. मधल्या काळात नियम बदलत गेले होते आणि या खेपेला बाई वयाच्या अटीत जेमतेम बसत होत्या. पुढच्या खेपेला त्या बसणार नव्हत्या. ही शेवटची संधी. बाई अर्ज घेऊन स्वतः खाली आल्या. "तुमच्याच हातून जाऊ दे," म्हणाल्या. मी प्रशासन अधिकाऱ्यांच्या मागे लागून दुपारच्या आत सही मिळवली आणि पाकीट घेऊन निघालो. फाटकाशी बघतो तर बाई पर्स खांद्याला लावून उभ्या. "चला, मीही येते. जरा पाय मोकळे होतील."

पोस्टात रांग होती. मी पाकीट छातीशी धरून उभा होतो. आमच्या पुढे तीन माणसं असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तो पहिला अर्ज मी अडवला होता. वही जीर्ण नाहीये."

बाई समोर बघत होत्या. "माहीत आहे," म्हणाल्या.

"काय?"

"परत आलेल्या पाकिटावर इथला शिक्का होता ना. तुम्हाला दिल्याची तारीख माझ्या डायरीत होती. वजाबाकी मला येते."

"मग दर वर्षी का विचारत होता?"

"तारीख माहीत होती. कारण कुठे माहीत होतं?"

मी कारण सांगितलं. प्रभारी साहेब, काळाचौकीची खोली, क्वार्टर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती खोल्या?"

"दोन."

"गॅलरी?"

"आहे."

"मग ठीक. मला इतकी वर्षं वाटत होतं, हे तुम्ही फुकट केलंत."

"ओ काका," काउंटरवरचा मुलगा ओरडला, "रडायचं नंतर, आधी पाकीट वजनावर ठेवा." मी ठेवलं. बाहेर पडल्यावर मी बाईंना विचारलं, मला माफ केलंत का. त्या थांबल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कडक नजरेने पाहिलं. "माफीचा अर्ज वेगळा. माझा जुना प्रश्न अजून तुमच्या टेबलावर आहे. आधी त्याचं उत्तर द्या. लेखी."

त्या वर्षीचा मसुदा मी एका बैठकीत लिहिला. 'विलंब माझ्याकडून, हेतुपुरस्सर झाला. सोबत जावक नोंदवहीची प्रत जोडली आहे. नोंदवही सुस्थितीत आहे.' खाली सही केली. प्रशासन अधिकाऱ्यांनी तो वाचून दार लावून घेतलं. "वेड लागलंय का? अहो, नेहमीसारखं माहिती उपलब्ध नाही लिहा आणि मोकळे व्हा." मी आयुष्यात कधी साहेबाला उलट बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "माहिती उपलब्ध आहे, साहेब. तुमच्यासमोर उभी आहे." उत्तर गेलं. मला मेमो मिळाला, चौकशी लागली, ती अजून चालू आहे. बढती गेलीच. मेमो मिळाला त्या दुपारी माझ्या टेबलावर लालबागचे पेढे आले. बाई चारही मजल्यांवर वाटत फिरत होत्या. कोणी कारण विचारलं की म्हणत, "शुद्धिपत्रक निघालं." कोणालाच काही कळलं नाही. मी पेढा खाल्ला आणि घरी जाऊन पहिल्यांदाच गॅलरीत उभा राहिलो.

अर्ज वेळेत पोचला. बाई मुलाखतीला दिल्लीला गेल्या, डबा घेऊन. महिन्याभराने कळलं, कोणीही योग्य उमेदवार आढळला नाही. बाई फाइलला भोक पाडत म्हणाल्या, "चला, या वेळी सगळेच नापास. पण माझा नकार वेळेत आला." मला हसता आलं नाही. बारा वर्षांपूर्वी नऊ दिवस नसते, तर ती खुर्ची त्यांची होती आणि चाळीचाळीतून लोकांना उत्तरं मिळाली असती, हे मला कळतं. कुठल्याही चौकशीत हे सिद्ध होणार नाही, पण मला कळतं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. वीज गेली की वरचं कपाट आता बराच वेळ कोकलत राहतं. त्याची भाषा बोलणारं तिथे कोणी उरलेलं नाही.

जागा अजून रिकामीच आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा जाहिरात आली. सवयीने मी ती छापली आणि लालबागला बाईंच्या घरी गेलो. चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, बाई अठराव्या मजल्यावर. चहा ठेवून त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. मी म्हणालो, "बाई, आता वय बसत नाही तुमचं."

"वय बसत नाही. चूक तर दिसते ना? हे बघा, पहिल्या पानावर शेवटची तारीख एक आणि चौथ्या पानावर दुसरी. कोणा बिचाऱ्याचा अर्ज राहील यात." तिथेच त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, चिकटवलं. ई-मेल करू का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ई-मेलवर शिक्का नसतो." मग पाकीट माझ्यापुढे धरलं. "तुमच्याच हातून जाऊ दे, आस्थापना."

माफीचा तो वेगळा अर्ज मी अजून केलेला नाही. नकार आला तर तो लेखी असेल, याची भीती वाटते. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून उठलो आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पोचलो. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, शिक्का माझ्यासमोर मार. त्याने वैतागून मारला. आजचीच तारीख पडली आहे ना, हे मी काचेला नाक लावून दोनदा वाचलं.