चाचांचे तीन प्रश्न

केनवडला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चाचा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारत. "पडला काय? पानी सांडलं काय? अंदर काही बदललं काय?" मिळालेलं उत्तर खरं धरून कामाला लागत. आधी उघडून बघा की, म्हटलं तर म्हणत, "डागदर पयले विचारते. आपल्याच मशीनबद्दल मालक खोटं कायले बोलन?"

मला याचं हसू येई. माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. 'वरील माहिती खरी आहे' या वाक्यासमोर लोकांच्या वतीने खूण करण्यात माझी हयात गेलेली.

चाचा चोरीची सिस्टीम कधी टाकत नसत. मला त्यांनी सिस्टीमचा पक्का परवाना घ्यायला लावला, माझ्या खात्याला जोडून दिला आणि बजावलं, "परवाना मशीनच्या मदरबोर्डाले धरून राह्यते. बोर्ड बदलला तं मले सांगजो. नव्यावर नेता येते, पन सांगा लागते."

पुढे वीज कडाडली आणि बोर्ड जळाला. मी हुशार. चाचांना कळू न देता अकोल्याहून स्वस्तातला बोर्ड बसवून आणला. तिथल्या कारागिराने परवान्याचं काहीतरी जुगाड करून मशीन चालू करून दिली.

वर्षभराने चाचा नवी सिस्टीम चढवायला आले. ती चढली, आणि पडद्यावर आलं : परवाना सापडत नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. चाचांनी विचारलं, "अंदर काही बदललं काय?"

"काहीच नाही, चाचा."

चाचा म्हणाले, "मंग मालच खोटा असन. मलेच फसवलं कोनं तरी."

एवढ्यावर थांबतील तर ते चाचा कसले. शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत स्वतः जाऊन सांगून आले, "माह्याकडचा परवाना खोटा निंगू शकते, तपासून घ्या." तपासला कुणीच नाही. सगळ्यांनी चाचांना बोलावणं तेवढं बंद केलं. मी रोज ठरवी, उद्या सांगू. दिवाळीनंतर शटर ओढून ते कारंज्याला लेकीकडे गेले.

त्यानंतर एका दुपारी मी तो पडदा पहिल्यांदा नीट वाचला. खाली बारीक अक्षरांत प्रश्न होता : अलीकडे यंत्राचा भाग बदलला आहे का? दुकानात कुणी नव्हतं. मी 'हो' दाबलं. दोन मिनिटांत परवाना परत आला.

परवा चाचांचा फोन आला. "मशीन बरी हाये ना, बाबू? माह्या हातून तुले खोटा माल गेला. दिलात ठेवू नको."

मी म्हटलं, "जाऊ द्या चाचा. चूक होते माणसाकडून."