अकराव्या रकान्यातला ठसा

दिनांक १४ मार्च. रक्कम ४,३७,६५० रुपये. रुग्णालयाची जुनी जन्म-रजिस्टरं स्कॅन करून संगणकावर चढवल्याचं बिल मी त्या दिवशी मंजूर केलं. हिशेब विभागाने, म्हणजे मी, तपासणी केली की मूळ कागद गिरणीत लगद्याला द्यायचे, असं करारात होतं. मी प्रत्येक रजिस्टरचं पहिलं पान पडद्यावर उघडलं, पानांच्या संख्येचा ताळा जमवला आणि सही केली. पहिली पानं सगळी उभी होती. आत काही आडवी, घडीची पानं आहेत हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो जानेवारीतच निवृत्त झाला होता.

तो माणूस म्हणजे आमचे दप्तरी. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी अडतीस वर्षं काढली. पान उलटायला बोटाला थुंकी लावणाऱ्याच्या हातात ते रजिस्टर देत नसत. टेबलावर ओल्या स्पंजची डबी असे, ती पुढे सरकवत. नव्या कारकुनाला सांगत, "रजिस्टर उघडायला हात पुरतात, बंद करायला अक्कल लागते." मला म्हणत, "साहेब, तुमची चूक पुढच्या महिन्यात दुरुस्त होते. माझी चूक माणसाला जन्मभर पुरते."

जूनमध्ये ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"एक पान बघायचं होतं. घरचंच आहे."

एकतीस वर्षांपूर्वी वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आमच्याच रुग्णालयात मुलगी झाली. मृतच जन्मली. तेव्हाच्या मेट्रन प्रत्येक बाळाच्या पायाचा शाईचा ठसा रजिस्टरात घ्यायच्या, मृत बाळाचाही. वहिनी ग्लानीत होत्या, त्यांना बाळ दाखवलं गेलं नाही. ठसा आहे, तू बरी झालीस की दाखवतो, असं दप्तरींनी सांगितलं. त्या बऱ्या झाल्या. मग दोघांपैकी कुणीच विषय काढला नाही. रजिस्टर मात्र दप्तरींच्याच कपाटात होतं. वर्षातून एकदा ते एकटे उघडून बघत.

"गुरुवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, तो ठसा एकदा बघू दे."

"सोमवारी घेऊन या," मी म्हटलं.

वहिनी आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा पुसून तयार झाल्या. पान उघडलं ते आडवं, कुशीवर झोपल्यासारखं. मी फिरवायचं बटण दाबलं. पान सरळ झालं, पण सगळं पडद्यात मावल्यामुळे अक्षरं मुंगीएवढी. उजव्या कडेला, अकराव्या रकान्यात, मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. मोठं केलं तर पान मधून फुगायचं आणि कड पडद्याबाहेर जायची. डावीकडे ओढलं तर पान वर चढे. वर ओढलं तर जरा डावीकडे येई आणि हात सोडला की उडी मारून मध्यावर. न फिरवता ओढून पाहिलं. नवव्या रकान्यापर्यंत आलं, पुढे हलेना.

"उलटं ओढून बघा," दप्तरी म्हणाले. "त्याला डावं-उजवं कळत नाहीसं दिसतंय."

"तुमचाच भाऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "मला माहेराहून आणायला निघायचात आणि दुसऱ्याच गावाला पोचायचात."

मी स्कॅन करणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "सर, चित्र फिरतं, पण सरकवायची हद्द जुनीच राहते. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होईल."

"मग मूळ चित्र पाठवा."

"अधीक्षकांचं पत्र लागेल. आठ-दहा दिवस धरा."

"कागद कुठाय?" वहिनींनी विचारलं.

दप्तरींनी माझ्याकडे पाहिलं. कागद लगद्याला गेला, सही माझी आहे, असं मी सांगितलं.

मी पान पुन्हा लहान केलं. वहिनी पुढे वाकल्या, इतक्या की चष्मा काचेला टेकला. ठिपक्याशेजारी बोट ठेवलं.

"हा?"

"हाच."

"पाची बोटं होती?"

"पाची. करंगळी जरा आत वळलेली. तुझ्यासारखी."

बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. मग म्हणाल्या, "बंद करा. डोळे दुखतात."

गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावरून त्या परत आल्या नाहीत.

अधीक्षकांचं पत्र मी त्याच दिवशी पाठवलं होतं, त्याला उत्तर आलंच नाही. अपडेट आलं ऑगस्टच्या बावीस तारखेला. मी ते पान उघडलं. फिरवलं, सरकवलं, लोण्यासारखं सरकलं. अकरावा रकाना पडदाभर झाला. टाच, तळवा, पाच बोटं, आत वळलेली करंगळी. मी तो छापला, पाकिटात घातला आणि दप्तरींच्या घरी गेलो.

त्यांनी पाकीट हातात घेतलं नाही.

"मी पाहिलाय, साहेब," ते म्हणाले. "तिला दाखवायचा होता."

पाकीट माझ्या खणात आहे. त्या सोमवारी त्यांना टॅक्सीने यायला मीच सांगितलं होतं, भाडं माझ्याकडे. निघताना माझ्याजवळ सुटे नव्हते, म्हणून जाण्यायेण्याचे १८० रुपये त्यांनीच दिले. ते मी अजून दिलेले नाहीत.